थाप

मराठी भाषेत 'थाप' हा शब्द मोठा गमतीचा आहे. ढोलकाच्या कातड्यावर पडते ती थाप, पाठीवर शाबासकीची पडते तीही थाप, आणि नसलेली गोष्ट असल्यासारखी सांगावी तर तिलाही थापच म्हणतात. पहिल्या दोहोंना हात लागतो. तिसरीचे काम नुसत्या जिभेवर भागते. या शब्दाच्या पहिल्या आणि शेवटच्या अर्थांमधले अंतर किती थोडे आहे, याचा प्रत्यय मॉरिशसमधील एका निवृत्त शाळामास्तरांना एका गणेशचतुर्थीच्या आधीच्या तीन आठवड्यांत आला. निमित्त झाले एका जुन्या संगीताच्या फाइलीचे, आणि ती वाजवणाऱ्या एका अगदी साध्या प्रोग्रॅमचे.

मास्तरांचे गाव बेटाच्या पश्चिमेस, ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात, उसाच्या शेतांच्या कडेला आहे. गावातील मराठी घरांचे पूर्वज मुंबई बंदरातून करारावर आले. कोकण सोडताना त्यांनी जे बरोबर घेतले त्यात लिहिलेले फारच थोडे होते. जे होते ते बहुतेक पाठ होते. आरत्या पाठ होत्या, सणवारांचे नेम पाठ होते, आणि कोकणात जिला जाखडी म्हणतात व इकडे झाकरी म्हणतात ती फेर धरून नाचण्याची रीत तर अंगातच मुरलेली होती. आज त्या घरांतून क्रिओल अधिक बोलली जाते. तथापि चतुर्थीच्या रात्री मुले झाकरीची गाणी मराठीतच म्हणतात. शब्दांचा अर्थ पुष्कळांस सांगता येत नाही, परंतु पावले चुकत नाहीत. पावलांना ढोलक सांगत असतो.

त्या वर्षी मंडळाच्या सभेत या ढोलकाचाच प्रश्न निघाला. बरीच वर्षे वाजवत आलेल्या गृहस्थांचा खांदा कामातून गेला होता आणि त्यांच्या जागी बसणारे कोणी नव्हते. शेवटी कोणीतरी म्हणाले, की ध्वनिमुद्रण मिळवावे आणि स्पीकरवर लावावे, नाचणारे नाचतील. या सूचनेने कोणाला आनंद झाला असे नव्हे, पण तिला विरोधही झाला नाही. तेव्हा मास्तर उठले आणि म्हणाले, "बाहेरून आणायचे कारण नाही. आमच्या मामांचा ढोलक माझ्या संगणकात आहे. मामा वाजवत तसाच्या तसा."

मामांचे नाव काढताच सभेतील म्हातारी माणसे सावरून बसली. मामा जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती, पण त्यांच्या ढोलकाची आठवण गावात अजून होती. चिटणीसांनी लगेच सांगितले, की ती फाइल एमपी3 करून पेन ड्राइव्हवर आणून द्यावी, म्हणजे काम झाले. मास्तरांनी मान डोलावली. घरी परतताना मात्र त्यांची पंधरा वर्षांची नात बराच वेळ काही बोलली नाही, आणि दाराशी आल्यावर म्हणाली, "आजा, संगणकात मामांचा ढोलक आहे, तर मलाच तो शिकवाल का? स्पीकर कशाला?"

ही फाइल 1996 सालची. त्या वेळी मास्तर पस्तिशीत होते आणि शाळेत गणित शिकवीत. लंडनहून सुट्टीवर आलेल्या एका चुलतभावाने काही फ्लॉपी आणल्या होत्या. त्यांतील एकीवर 'फास्टट्रॅकर 2' नावाचा प्रोग्रॅम होता. स्वीडनमधील ट्रायटन नावाच्या मंडळीने तो 1994 साली बाहेर काढला होता. अशा प्रोग्रॅमांना ट्रॅकर म्हणतात आणि त्यांतून निघणाऱ्या फाइलीला मॉड्यूल. त्यांचा मूळपुरुष 'अल्टिमेट साउंडट्रॅकर'. तो 1987 साली जर्मनीतील कार्स्टन ओबार्स्की यांनी कमोडोर अमिगा या संगणकासाठी लिहिला. अमिगाच्या अंगी एका वेळी चार ध्वनी काढण्याची सोय होती, म्हणून कागदावर चार रकाने आखावेत तसे या प्रोग्रॅमने पडद्यावर चार रकाने आखले. प्रत्येक पानावर 64 ओळी, आणि वाचन वरून खाली. ज्या ओळीत जे मांडले असेल ते त्या क्षणी वाजावयाचे. जमाखर्चाच्या वहीसारखी ही मांडणी पाहून मास्तरांसारख्या गणिती माणसाला तिचा मोह पडावा यात नवल नव्हते. संगीत वाचता येत नसलेल्या माणसालाही येथे संगीत मांडता येत होते.

मॉड्यूलमध्ये दोनच गोष्टी असतात. एक म्हणजे ध्वनींचे छोटे छोटे नमुने : एखादा ठोका, एखादा स्वर, क्षणभराचे काहीतरी. दुसरी म्हणजे कोणता नमुना केव्हा, किती उंच आणि किती जोरात वाजवावा याची ती वही. पूर्ण झालेले गाणे असे त्या फाइलीत कोठेच नसते. ते प्रत्येक वेळी नव्याने घडवावे लागते, आणि घडवण्याचे हे काम वाजवणारा प्रोग्रॅम करतो. भरलेल्या ताटाऐवजी कोणी शिधा आणि कृती बांधून द्यावी, तसाच हा प्रकार.

या काटकसरीला त्या काळी अर्थ होता. सीडीच्या प्रतीचे ध्वनिमुद्रण एका सेकंदाला 176,400 बाइट जागा खाते, म्हणजे 1.44 मेगाबाइटच्या फ्लॉपीवर जेमतेम आठ सेकंद मावणार. मास्तरांनी हा हिशेब एका कागदावर केला, मग मामांना बोलावले.

मामांचे सारे आयुष्य उसाच्या मळ्यात गेले होते. हाताला घट्टे पडलेले, आणि ढोलक वाजवताना तेच हात हलके होत. मास्तरांनी साउंड कार्डाला मायक्रोफोन जोडला, दारे-खिडक्या लावल्या, आणि त्यांना विनंती केली की ताल धरू नये, एकेकच थाप मारावी. मामा गोंधळले. "एकटी थाप कधी कोणी मारते का?" त्यांनी विचारले. पुढचीच्या ओढीने मागची पडते, असे त्यांचे म्हणणे. तरी भाच्याच्या हट्टापुढे त्यांनी चार थापा दिल्या : डाव्या तोंडावरची घुमणारी, उजव्या तोंडावरची कोरडी, बोटांनी मारलेली हलकी, आणि दोन्ही हातांची मिळून एक. आठ बिटांत आणि सेकंदाला 22,050 या वेगाने घेतलेली प्रत्येक थाप अर्ध्या सेकंदाची, म्हणजे 11,025 बाइटांची झाली. त्यानंतर झांजेचे दोन नाद घेण्यात आले. मग मामांनी मोकळ्या मनाने तासभर ढोलक वाजवला, आणि तो एका कॅसेटवर उतरून घेण्यात आला. मामा 1999 साली वारले. ती कॅसेट 2002 सालच्या जानेवारीत 'दिना' वादळाने घराचे छप्पर नेले तेव्हा तीन दिवस पाण्यात राहिली आणि गेली. उरली ती फ्लॉपीवरून तबकडीवर आणि तबकडीवरून तबकडीवर येत राहिलेली, शंभर किलोबाइटांच्या आसपासची एक फाइल.

नातीला ही फाइल ऐकवण्यासाठी मास्तर संगणकापुढे बसले. तिला अपेक्षा होती रंगीत चौकटीची आणि बटणांची; पडद्यावर आली ती काळी पाटी व तिच्यावर लुकलुकणारी एक खूण. मास्तरांनी 'एक्सएमपी' अशी तीन अक्षरे टंकली, एक जागा सोडून फाइलीचे नाव लिहिले, आणि एंटरची कळ दाबली. एक्सएमपी हा ब्राझीलच्या क्लॉडिओ मात्सुओका यांनी नव्वदच्या दशकात आरंभलेला प्रोग्रॅम. मॉड्यूलच्या नव्वदांहून अधिक जाती त्याला वाचता येतात. त्याला चेहरा असा नाही. जे सांगावयाचे ते तो शब्दांत आणि आकड्यांत सांगतो, आणि वाजवावयाचे ते मुकाट्याने वाजवतो.

प्रथम पाटीवर फाइलीचे शीर्षक उमटले, मग तिची जात, पाने सोळा, रकाने सहा. त्याखाली एकच ओळ सतत बदलू लागली : गती अमुक, ठोके तमुक, पान कितवे, ओळ कितवी. नातीने विचारले, की ठोक्यांच्या ठिकाणी '7डी' असे काय लिहिले आहे? मास्तरांना जुनी शाळा आठवली. त्यांनी सांगितले, की येथे मोजणी दहाऐवजी सोळाची आहे. नवानंतर ए, बी, सी, डी, ई, एफ अशी अक्षरे येतात. म्हणून '7डी' म्हणजे सात सोळे एकशे बारा आणि वर तेरा, एकूण 125. ठोके 125 आणि गती 6 असली की वहीची एक ओळ वाजायला सेकंदाचा 12 शतांश लागतो, आणि 64 ओळींचे एक पान 7.68 सेकंदांत संपते. मुलीने मनात गुणाकार केला. सोळा पानांची दोन मिनिटे आणि वर थोडी! फाइल तेवढीच होती.

मग मास्तरांनी 'आय' ही कळ दाबली, आणि नमुन्यांच्या नावांची यादी पडद्यावर आली. प्रत्येक नावाला 22 अक्षरांची जागा असते. युरोपातील मुले आपापली मॉड्यूले फ्लॉपीवर घालून टपालाने एकमेकांस पाठवीत, तेव्हा या जागेत नमुन्याचे नाव लिहिण्याऐवजी पत्रच लिहीत. वर ओळींत सलाम, मधे पत्ता, शेवटी मित्रांची नावे. मास्तरांनीही तेच केले होते. देवनागरीची सोय नव्हती, म्हणून रोमन लिपीत त्यांनी ओळीओळीने लिहिले होते, की हा ढोलक मामांचा आहे, घर अमुक वाडीतले आहे, साल 1996 आहे, आणि मामांचे वडील झाकरीत झांज वाजवत असत. नातीने त्या ओळी मोठ्याने वाचल्या. पणज्याच्या पिढीतील माणसाविषयी घरात लिहिलेले असे तिने पूर्वी काही पाहिले नव्हते.

शिकवणीला आरंभ झाला तो आकड्यांच्या कळांनी. एक्सएमपी वाजत असता 1 दाबले की पहिला रकाना गप्प होतो, पुन्हा दाबले की बोलू लागतो. 2 ने दुसरा, 3 ने तिसरा. पहिल्या दोन रकान्यांत ढोलक होता, तिसऱ्यात झांज, चौथ्या-पाचव्यात गाण्याची चाल, सहाव्यात नुसता धरलेला सूर. मास्तरांनी 3, 4, 5, 6 अशा कळा एकामागून एक दाबल्या, आणि खोलीत फक्त मामांच्या थापा उरल्या. नात दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली. मग 2 दाबून उजवा हात काढून घेतला. डावा हात एकटा चालू लागला. तो तिने प्रथम शिकला. अवघड जागी मास्तर रुंद कळ दाबून संगीत थांबवीत आणि पानाचा व ओळीचा आकडा वाचून दाखवीत. शेवटी उद्गारचिन्हाची कळ दाबली की सारे रकाने एकदम बोलू लागत, आणि शिकलेले कोठे बसते ते तिला कळे.

आठवड्याभरात तिने वाट उलट केली. आता ती 1 आणि 2 दाबून मामांनाच गप्प करी आणि त्यांच्या रिकाम्या जागी आपण वाजवी. चिटणीसांना हवी होती तशी एमपी3 केली असती तर हे साधले नसते, ही गोष्ट मास्तरांच्या लक्षात आली. त्या फाइलीची लांबी 128 किलोबिटांच्या दराने सुमारे दोन मेगाबाइट झाली असती, आणि तिच्यात ढोलक, झांज व चाल यांचा एकच लगदा झाला असता. लगद्यातून ढोलक पुन्हा जसाच्या तसा सुटा काढणे सोपे नव्हे. मॉड्यूलमध्ये मात्र सगळे जिन्नस शेवटपर्यंत वेगळे राहतात. ज्याला शिकावयाचे आहे त्याच्यासाठी दार उघडे असते. मास्तर या विचाराने सुखावले. आपण त्या वेळी जागा वाचवण्यासाठी जे केले ते पुढच्या पिढीसाठी केल्यासारखे झाले, असे त्यांना वाटले. आणि माणसाला असे वाटू लागले की समजावे, कोठेतरी चूक होत आहे.

चतुर्थीला आठ दिवस असताना मास्तरांनी आबांना घरी बोलावले. आबा वयाने ऐंशीच्या पुढचे. मामांच्या ढोलकाशेजारी त्यांनी तीस वर्षे झांज वाजवली होती. नातीने वाजवून दाखवले. एकही ओळ चुकली नाही. आबांनी कौतुक केले, तिच्या पाठीवर थाप दिली, आणि मग म्हणाले, "पोरी, मूळ काय आहे ते जरा ऐकव."

मास्तरांनी एंटर दाबले. आबांनी डोळे मिटून दोन मिनिटे ऐकले. "थाप त्याचीच आहे," ते म्हणाले. "अशी डावी थाप दुसऱ्या कोणाची नव्हती. पण मास्तर, हा हात त्याचा नाही. तो असा कधीच वाजवत नसे."

मास्तरांना ते लागले. त्यांनी विचारले, की कोठे चुकले? आबांनी उत्तर देण्याऐवजी मांडीवर ताल धरला. आरंभी तो फाइलीहून सावकाश होता. मग त्यांचे डोळे जमिनीवर फिरू लागले, जणू तेथे पावले आहेत; आणि ताल केव्हा वाढला ते कळले नाही, पण थोड्याच वेळात तो फाइलीच्या कितीतरी पुढे गेला होता. मग कड्याला दम लागला असावा, कारण आबा किंचित मागे आले, आणि पुन्हा चढले. ते थांबले तेव्हा त्यांना धाप लागली होती.

त्या रात्री मास्तर एकटेच काळ्या पाटीपुढे बसले. त्यांनी फाइल लावली आणि या खेपेस कान बंद ठेवून केवळ डोळ्यांनी पाहिली. पान बदलत होते, ओळ बदलत होती. ठोक्यांच्या ठिकाणी मात्र आरंभापासून शेवटपर्यंत '7डी' हेच. कॅसेटवर मामांचा ताल चढत-उतरत होता हे त्यांना ठाऊक होते. 1996 साली ती समोर ठेवूनच त्यांनी वही भरली होती. परंतु त्यांना त्या वेळी वाटले, की म्हातारा माणूस आहे, हाताला स्थिरता नाही. आपण ते नीट करून घेऊ. गणिताचा मास्तर मुलाची वाकडी आकृती पट्टीने सरळ करतो, त्याच भावनेने त्यांनी प्रत्येक थाप 12 शतांश सेकंदाच्या घरात नेऊन बसवली होती.

आणि मग त्यांना आणखी एक गोष्ट आठवली, जी ते विसरले होते असे नव्हे, पण जिच्याकडे त्यांनी कधी वळून पाहिले नव्हते. फाइल पुरी झाली त्या दिवशी त्यांनी मामांना ती ऐकवली होती. मामांनी संगणकाभोवती एक फेरी मारली, मागे वाकून तारा पाहिल्या, आणि हसून म्हणाले, "छान आहे रे. पण हा कोणाकडे बघून वाजवतो?" भाच्याने ते वाक्य म्हाताऱ्याचे भोळेपण म्हणून घरोघर सांगितले होते आणि लोक हसले होते.

मामांनी प्रश्न विचारला होता, आणि त्याचे उत्तर द्यायला माणूस शिल्लक असताना ते दिले गेले नव्हते. सभेत 'मामा वाजवत तसाच्या तसा' असे जे आपण सांगितले, ती या शब्दाच्या तिसऱ्या अर्थाची थाप होती, हे त्यांना कबूल करावे लागले. ती मारली तेव्हा आपण थाप मारत आहोत याची जाणीव नव्हती, एवढेच समाधान. परंतु वारसा सांगणाऱ्या पुष्कळांचे असेच होत असावे. आपण नीटनेटके केलेले आपण पूर्वजांच्या नावावर घालतो, आणि पुढे आपल्यालाही ते तसेच होते असे वाटू लागते.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी चूक सुधारण्याचे ठरवले. एक्सएमपी नुसते वाजवतो. लिहिण्यासाठी त्यांनी 'मिल्कीट्रॅकर' उघडला. फास्टट्रॅकरच्याच वळणाचा हा प्रोग्रॅम आजच्या संगणकांवर चालतो. वहीत ठोके बदलण्याची खूण 'एफ' या अक्षराची आहे. तिच्यापुढे 32 हून लहान आकडा लिहिला तर तो ओळीची गती मानतात, 32 किंवा मोठा लिहिला तर मिनिटाचे ठोके. या खुणेचाही एक इतिहास आहे. अगदी जुन्या अमिगाच्या फाइली जेव्हा लिहिल्या गेल्या, तेव्हा हा भेद नव्हता आणि प्रत्येक आकडा गतीचाच समजत. त्यामुळे तीच फाइल एका प्रोग्रॅममध्ये बरोबर चालते आणि दुसऱ्यात भलत्याच वेगाने. म्हणून अशा फाइलींसाठी जुन्या रीतीने वाचण्याचा पर्याय एक्सएमपीत वेगळा ठेवावा लागला आहे. वही तीच असली तरी ती कोणत्या रीतीने वाचावी हे वहीत लिहिलेले नसते, ही गोष्ट मास्तर पूर्वी नातीला गंमत म्हणून सांगत. आता ती त्यांना गंमत वाटेना.

आबांना शेजारी बसवून मास्तरांनी पहिल्या पानावर 110 लिहिले, चौथ्यावर 118, सातव्यावर 130. आबांनी ऐकले आणि मान हलवली. पुन्हा मांडीवर ताल धरला. मास्तरांनी घड्याळ लावून तो मोजला आणि तसेच आकडे घातले. आबांनी ऐकले. "आता तर मुळीच नाही," ते म्हणाले. तिसऱ्या वेळी धरलेला ताल पहिल्या दोहोंहून निराळा निघाला. मास्तर किंचित वैतागून म्हणाले, "आबा, तुम्ही एकदा ठरवा तरी!" त्यावर आबांनी शांतपणे विचारले, "नाचणारे कोण आहेत ते सांगा, म्हणजे ठरवतो."

दाराशी उभी असलेली नात हसली. मास्तरांनी वर पाहिले, आणि थोड्या वेळाने तेही हसले. त्यांनी घातलेले सगळे आकडे एकेक करून पुसले आणि फाइल पूर्ववत '7डी'वर ठेवली. सरळ रेषा होती ती सरळ रेषा म्हणूनच राहू द्यावी; निदान ती काढणाऱ्याचा हात तिच्यात ओळखू येतो. त्यांनी उरलेले सहा दिवस नातीला आबांच्या स्वाधीन केले. थाप कशी उमटते हे ती फाइलीपासून शिकली होती. आता आबांनी घरासमोरच्या अंगणात चार पोरांना फेर धरायला लावले आणि तिला एकच नियम सांगितला, की ढोलकाकडे पाहावयाचे नाही.

चतुर्थीच्या रात्री मंडळाच्या सभागृहात स्पीकर होता, पण तो आरतीच्या सूचनांपुरता. नात ढोलक घेऊन बसली, शेजारी आबा झांज घेऊन. आरंभी ताल जरा जड चालला. दुसऱ्या गाण्याला कडे मोठे झाले, मागची मुले धावत येऊन शिरली, आणि ती त्यांच्या पावलांमागे इतकी धावली की मधे एकदा तिचा उजवा हात चुकला. एक मात्रा रिकामी गेली. आबांनी झांज उचललेलीच धरून ठेवली, ती सावरेपर्यंत. मग दोघे एकदम उतरले. कड्यातील बहुतेकांना काही कळलेही नाही. भिंतीशी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने मात्र शेजारणीला विचारले, की ही पोर कोणाची? आणि उत्तर मिळाल्यावर ती म्हणाली, "तरीच. डावी थाप ओळखीची वाटली."

मूर्तीचे विसर्जन झाल्यावर दुसऱ्या दिवशी मास्तर पुन्हा मिल्कीट्रॅकर उघडून बसले. संगीताला त्यांनी हात लावला नाही. नमुन्यांच्या यादीत शेवटची एक जागा 1996 पासून रिकामी होती. तिच्यात त्यांनी रोमन लिपीत लिहिले : 'थाप मामाची चाल माझी'. मधल्या जागा धरून अक्षरे बरोबर 22 भरली. फाइल जतन करून त्यांनी काळी पाटी उघडली, एक्सएमपीला फाइलीचे नाव दिले आणि 'आय' दाबले. यादी वरपासून खालपर्यंत उमटली, आणि सर्वांत खाली ती ओळ. मग त्यांनी 1 आणि 2 या कळा दाबून ढोलक बंद केला आणि नातीला हाक मारली.